टर्मिनलकाका

पुण्यातल्या कुठल्याही वीस-पंचवीस फ्लॅटच्या सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक पाण्याच्या टाकीवरून भांडणारा असतो आणि एक टर्मिनलकाका असतो. पहिला निवडून येतो, दुसरा जन्माला येतो आणि तिसरा मुलाला अमेरिकेचा एच-वन व्हिसा मिळाला की आपोआप तयार होतो.

आमचे काका सहकारनगरातले. बँकेतून अधिकारी म्हणून निवृत्त झालेले. मुलगा शिकागोजवळच्या एका उपनगरात असतो, आणि काका-काकूंच्या तिकडे आठ वाऱ्या झाल्या आहेत. ‘शिकागो कसं आहे हो?’ असं विचारलं तर काका ‘गार’ एवढंच म्हणतात आणि पुन्हा पेपरात डोकं घालतात. पण ‘सहारच्या विमानतळावर किती वाजता पोचावं?’ असं विचारा. पेपराची घडी होते, चष्मा कपाळावर जातो आणि काकू न सांगता चहाचं आधण चढवतात. आता तासाभराची निश्चिंती, हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं.

मुलीकडे जायचं पहिलंच तिकीट निघालं तेव्हा मीही रीतसर त्यांच्याकडे गेलो. काकांनी तिकीट हातात घेतलं आणि आधी तारखेखाली लाल पेनने रेघ मारली. ‘पहाटे साडेचार, पंधरा तारीख. म्हणजे तुम्ही निघायचं कधी?’

‘पंधराला,’ मी म्हणालो.

काकांनी काकूंकडे पाहिलं. त्या नजरेत शिक्षकाला होतं ते समाधान होतं. ‘चौदाला! आपल्या बी विंगमधलं एक कुटुंब पंधराला रात्री बॅगा घेऊन टर्मिनलच्या दारात उभं होतं. त्यांचं विमान आदल्या पहाटेच जाऊन पोचलेलं.’ ते कुटुंब कोणतं हे काकांनी कधीच सांगितलं नाही. बी विंगमधली सगळी कुटुंबं आजही एकमेकांकडे संशयाने बघतात.

योगायोगाने, किंवा काकांच्या भाषेत ‘तुमच्या नशिबाने’, त्यांचं आठवं तिकीट त्याच विमानाचं निघालं. मुंबईहून अबूधाबी, तिथून शिकागो. मग काय, माझ्या बॅगा माझ्या राहिल्याच नाहीत.

सामानाचं प्रकरण जरा सविस्तर सांगायला हवं, कारण काकांचं खरं वैभव तिथे आहे. एका बॅगेला तेवीस किलो. घरातल्या वजनकाट्यावर बॅग मावत नाही, म्हणून काका बॅग कवटाळून स्वतः काट्यावर उभे राहतात आणि आलेल्या आकड्यातून स्वतःचं वजन वजा करतात. स्वतःचं वजन ते एकोणसत्तर धरतात. हे वजन निवृत्तीच्या दिवशी केलेलं आहे. त्यामुळे बॅग दर वेळी घरी भरलेल्यापेक्षा विमानतळावर तीन किलोने हलकी भरते, आणि ‘तिकडचे काटे ढिले आहेत’ असा निष्कर्ष निघतो. काकूंना खरं कारण माहीत आहे. त्या दर वेळी दोन किलो भाजणी, अर्धा किलो मेतकूट आणि गोड्या मसाल्याची एक पिशवी पर्समधून नेतात आणि काउंटरवर वजन झालं की सरळ त्या बॅगेत टाकतात. आठ वाऱ्यांत काकांच्या हे लक्षात आलेलं नाही.

मग काकांनी आमचा डबा तपासला. अनारसे बाहेर काढले. माझी बायको म्हणाली, ‘अहो, जाळी बघा कशी पडलीये.’ काका म्हणाले, ‘जाळी सुरेख आहे, खसखस तुरुंगात घालेल.’ हे मात्र खरं होतं. संयुक्त अरब अमिरातीत खसखस बंदी असलेल्या मालात मोडते, कारण ती अफूच्या बोंडातली. कोकणस्थाच्या करंजीत आणि देशस्थाच्या अनारशात तिचं काय काम असतं हे तिथल्या कस्टमवाल्याला समजावणं अवघड. हा नियम कळल्यापासून काकूंच्या घरी करंज्या बिनखसखशीच्याच होतात. ‘चव गेली, पण अब्रू राहिली,’ असं त्या म्हणतात. पाठोपाठ सुक्या खोबऱ्याच्या अख्ख्या वाट्याही बाहेर आल्या. खोबऱ्याला तेल असतं, बंद जागेत ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. पॉवर बँक बॅगेतून हातातल्या पिशवीत गेली. लोणच्याची बरणी उलट हातातल्या पिशवीतून बॅगेत गेली, कारण शंभर मिलीलिटरच्या वर जे जे ओघळतं ते सिक्युरिटीच्या लेखी द्रवच. 2006 साली लंडनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं पाडायचा कट उघडकीला आला, त्याची शिक्षा आमच्या कैरीच्या लोणच्याला अजून चालू आहे. हे सगळं काका न थांबता सांगतात. मला तर वाटतं, आंतरराष्ट्रीय राजकारणाचा अभ्यास त्यांनी बरणीच्या तोंडातूनच केला आहे.

कढीपत्त्याचा किस्सा ते स्वतः सांगत नाहीत, तो काकूंकडून ऐकावा. तिसऱ्या वारीत शिकागोला उतरल्यावर एक गोजिरवाणं बीगल जातीचं कुत्रं आलं आणि काकूंच्या पायाशी शहाण्यासारखं बसलं. काकूंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘अहो, बघा कसा लळा लागला!’ ते सरकारी नोकर होतं आणि बसणं हीच त्याची तक्रार होती. पर्समधून कढीपत्त्याची जुडी निघाली. कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. त्याच्यावरून येणारी कीड तिकडच्या संत्र्या-लिंबांच्या बागांची वाट लावते, म्हणून ताजा कढीपत्ता नेता येत नाही. आधीच सांगितलं असतं तर नुसता काढून घेतला असता. काका आठवडाभर काकूंशी बोलले नव्हते. कुत्र्याबद्दल मात्र अजून आदराने बोलतात. ‘बँकेत असा एक ऑडिटर हवा होता,’ असं म्हणतात.

पहाटे साडेचारचं विमान. तीन तास आधी पोचायचं, पुण्याहून साडेतीन तास लागतात, म्हणजे रात्री दहाला निघावं, असा माझा हिशेब. काकांनी त्यात घाटातली कोंडी दोन तास, पंक्चर एक तास, फूड मॉलवर काकूंचा वडा अर्धा तास आणि ‘अज्ञात कारण’ अडीच तास मिळवले. आम्ही दुपारी चारला निघालो. त्या दिवशी घाट मोकळा होता, चाकं शाबूत होती आणि काकूंना वडा नको होता. अज्ञात कारणही आलं नाही. पावणेआठला आम्ही दारात. जवानाने तिकीट पाहिलं, घड्याळ पाहिलं आणि म्हणाला, ‘अंकल, फ्लाइट तो कल की है.’

‘आम्हाला ठाऊक आहे,’ काका मराठीत म्हणाले.

मुंबईचं हे दोन नंबरचं टर्मिनल 2014 च्या फेब्रुवारीत सुरू झालं. मोराच्या पिसाऱ्यावरून सुचलेलं पांढरंशुभ्र छत, पंख्यासारखे वर उघडत जाणारे खांब, आणि आत हजारो कलावस्तूंचं ‘जय हे’ नावाचं अख्खं संग्रहालय. जुन्या वाड्यांचे दरवाजे, झरोके, मूर्ती. लोक माना वर करून बघतात. काकांसाठी हे सगळे मैलाचे दगड आहेत. ‘त्या कोरीव दरवाज्यांवरून डावीकडे गेलं की स्वच्छ बाथरूम.’ कुणा कारागिराच्या दोनशे वर्षांपूर्वीच्या छिन्नीचा इतका थेट उपयोग दुसऱ्या कुणी केला नसेल.

काउंटर उघडायला अवकाश होता. बंद काउंटरसमोर रांगेत पहिले आम्ही, दुसरं कुणीच नाही. तरी काकांनी ट्रॉली आडवी लावली, कुणी घुसू नये म्हणून. तेवढ्या वेळात त्यांनी मला मुंबईची अडचण सांगितली. धावपट्ट्या दोन, पण एकमेकींना छेदून जाणाऱ्या, त्यामुळे एका वेळी एकच चालते. ‘म्हणजे चूल एक आणि पंगत हजाराची.’ 2018 साली याच चुलीवर एका दिवसात हजारावर विमानं चढली-उतरली. काकांच्या आवाजात अभिमान असा होता, की जणू त्यातली पाच-दहा त्यांनीच उतरवली.

आणि मग ती खुर्ची आली.

काका रोज सकाळी पर्वती चढतात. पावसाळ्यातसुद्धा. पण विमानतळावर पाऊल टाकलं की त्यांच्या गुडघ्यांना काहीतरी होतं. तिकिटावर त्यांच्या नावापुढे ‘डब्ल्यूसीएचआर’ असतं. म्हणजे जिना चढता येतो, लांब चालवत नाही, अशा प्रवाशाची चाकांची खुर्ची. त्याच्या वरच्या दोन पायऱ्यांची अक्षरंही काकांना पाठ आहेत, पण ‘आपण खोटं कशाला बोला, आपली आर’. खुर्चीला रांग नसते. इमिग्रेशनला वेगळी वाट, सिक्युरिटीला वेगळी वाट, विमानात सगळ्यांच्या आधी. काकू चालत येतात. त्यांचे गुडघे खरे दुखतात, पण त्यांना लाज वाटते.

या खुर्चीबद्दल मला काकांचा रागच आला होता, हे कबूल करतो. गेटपाशी तशा खुर्च्यांची लांबलचक रांग लागली होती. शालीतले आजोबा, नऊवारीवर स्वेटर घातलेल्या आजी, गुजराती बा, तेलुगू अम्मा. काहींना खरोखर उठवत नव्हतं. काहींना इंग्रजी येत नव्हतं, आणि खुर्ची ढकलणारा मुलगा हाच त्यांचा दुभाष्या, वाटाड्या आणि नातू होता. आणि काही आमच्या काकांसारखे. एकदा एका परदेशी विमानतळावर उतरल्यावर पुढचं विमान गाठायचं होतं, खुर्ची यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात सगळे चालणारे पुढे निघून गेले. काका मात्र उठले नाहीत. ‘एकदा बसलो म्हणजे बसलो. तत्त्व आहे.’

मुंबईचा विमानतळ ‘मूक’ आहे, विमानात बसायची वेळ झाली तरी भोंग्यावरून कुणी सांगत नाही. म्हणून खुर्चीत बसून काका दर सात मिनिटांनी फलक बघत आणि आजूबाजूच्या अनोळखी लोकांना त्यांची गेटं सांगत. नाशिकच्या एका नवख्या जोडप्याला त्यांनी चुकीच्या टोकाकडून परत वळवलं. त्या पोरीने वाकून नमस्कार केला. काकांनी आशीर्वाद दिला तो असा: ‘खिडकीची सीट घेऊ नका, बाथरूमला जाताना त्रास होतो.’

‘अमेरिका अबूधाबीत सुरू होते,’ असं त्यांनी मला आधीच बजावलं होतं, आणि ते अक्षरशः खरं निघालं. अमेरिकेचे इमिग्रेशन अधिकारी तिथेच बसतात. तिथे शिक्का बसला की शिकागोला माणूस घरच्यासारखा उतरतो. काकांची सूचना एकच होती. भाजणीला ‘पावडर’ म्हणायचं नाही. ‘फ्लोअर म्हणा. रोस्टेड मल्टिग्रेन फ्लोअर.’ हे त्यांनी विमानात चार वेळा घोकलं. अधिकाऱ्याने बॅगेत काय आहे असं विचारलं, तेव्हा काकांच्या तोंडून ‘पावडर’च निघालं. काकू मागून म्हणाल्या, ‘फूड.’ अधिकाऱ्याने शिक्का मारला.

शिकागोला मुलगा दारात दिसताच काका खुर्चीतून ताडकन उठले आणि दोन्ही बॅगा ओढत निघाले. खुर्ची ढकलणाऱ्याने हे बहुधा रोजच पाहिलं असावं. त्याला आश्चर्य वाटलं नाही.

पुढच्या महिन्यात एका रविवारी मी त्यांच्याकडे गेलो. घर मोठं, शांत, बाहेर बर्फ. काका खिडकीशी बसले होते. तिथे गाडीशिवाय दूधसुद्धा आणता येत नाही आणि गाडी काका चालवत नाहीत. ‘बाबा, ते बटण नको, गॅरेज उघडेल.’ ‘बाबा, हीटर मी सेट केलाय.’ नातू ‘हाय आजोबा’ म्हणून वर गेला. सून चहा देऊन मीटिंगला बसली. वाईट कुणीच वागत नव्हतं. काकांना विचारावं असं त्या घरात काही नव्हतं, एवढंच. अर्ध्या तासात ते चार वाक्यं बोलले. मी निघताना दारापर्यंत आले आणि हळूच म्हणाले, ‘परतीचं वेब चेक-इन करायचं लक्षात ठेवा.’ परतीला दोन महिने होते.

परत आल्यावर 2025 च्या ऑक्टोबरमध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचं उद्घाटन झालं. आमच्या जिन्यात आनंद झाला, घाट उतरलं की जवळच पडणार. काका मात्र त्या दिवशी गप्प होते. आठ वाऱ्यांत जमवलेले कोरीव दरवाजे, डावी वळणं, स्वच्छ बाथरूम, सगळं एका फटक्यात मोडीत निघणार होतं. आठवड्याभराने सावरले. आता त्यांच्या टेबलावर नव्या टर्मिनलचा नकाशा असतो आणि त्यावर लाल रेघा.

यंदा डॉक्टरांनी त्यांना पर्वती बंद करायला सांगितली आहे. उजव्या गुडघ्यातली कूर्चा झिजली आहे, जिना उतरताना ते कठड्याला धरतात. नववं तिकीट परवा निघालं. मी पाहिलं, त्यांच्या नावापुढे या वेळी ‘डब्ल्यूसीएचआर’ नाही. ते काकूंच्या नावापुढे आहे.