क्यूचे वैद्यबुवा

स्नूकरच्या क्लबात गेलात की खेळायला आलेले ओळखू येतात, पैसे लावून खेळायला आलेले ओळखू येतात आणि नुसती एसीची फुकट हवा खायला आलेलेही ओळखू येतात. वैद्यबुवा या तिन्हींत बसत नाहीत. ते भिंतीलगतच्या बाकावर डोळे मिटून असतात. नवख्याला वाटतं, म्हाताऱ्याला डुलकी लागली. तेवढ्यात तीन नंबरच्या टेबलावर कोणीतरी फटका मारतो आणि डोळे न उघडताच बुवा म्हणतात, "फेरूल सैल आहे."

त्यांचं आडनाव वैद्य नाही. खरं आडनाव फक्त वर्गणीच्या वहीत आहे, आणि क्लबाचा गुण मांडणारा मार्कर ती वही कोणाला दाखवत नाही. पिंपरीच्या एका कारखान्यात तपासणी खात्यात त्यांचा जन्म गेला. समोर आलेला माल नादुरुस्तच आहे असं धरून सुरुवात करायची, हा तिथला शिरस्ता त्यांनी निवृत्तीनंतर घरीही चालू ठेवला. मुलीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना हॉलमधल्या पंख्याचं बेअरिंग गेलंय हे त्यांनी भटजींच्या कानात सांगितलं, अशी वदंता आहे. घरच्यांनी त्यांना क्लबाचं सभासदत्व भेट दिलं, ते त्यानंतर.

स्वतः बुवा खेळतात का, त्यांचा सर्वांत मोठा ब्रेक किती, हे प्रश्न क्लबात कोणी विचारत नाही. पण खेळाबद्दलचा अभिमान विचाराल तर छाती भरून येते. विल्सन जोन्स पुण्यात जन्मले आणि १९५८ साली कलकत्त्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, हे ते दर नव्या सभासदाला सांगतात. बिलियर्ड्स-स्नूकरचा जगज्जेता पंकज अडवाणी, त्याचा जन्मही पुण्याचा. तो पुढे बंगळूरचा झाला हा बुवांच्या मते किरकोळ तपशील. स्नूकर १८७५ च्या सुमारास जबलपूरच्या छावणीत, पावसाळ्यात कंटाळलेल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी काढला असं सांगतात. त्यावर बुवांची टीप अशी, "पावसाळ्यात जन्मलेला खेळ. लाकडाची दुखणी पाचवीलाच पुजलेली."

त्यांचं शास्त्र सगळं कानावर चालतं. टोकाच्या चामड्याच्या टिपचा गोंद सुटला तर फटका 'फस्' असा मरतो. टिपेखालचं पितळी कडं, म्हणजे फेरूल, हललं तर 'टिक्'. सांध्याच्या दोन तोंडांत चॉकची पूड बसली, किंवा आटे झिजले, तर 'कट्'. आणि बटाच्या, म्हणजे मागच्या जाड भागाच्या, पोटातलं वजन सुटलं तर खुळखुळ. तीही दोन प्रकारची, पण तो फरक त्यांच्याखेरीज अजून कोणाला ऐकू आलेला नाही. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आकसतं, फेरुलं ढिली होतात, आणि बुवांच्या बाकाशी रांग लागते. आषाढात लाकूड फुगलं की निम्मे रोगी औषधावाचून बरे होतात. बुवांना आषाढ आवडत नाही.

परवा आयटीतला एक मुलगा आला. तीन-चतुर्थांश सांध्याचा क्यू, पुढचं लाकूड ऍशचं, मागे आबनूस, किंमत बुलेटच्या दोन-तीन हप्त्यांएवढी. सोपा निळा चुकवून तावातावाने बाकाशी आला. "काका, क्यू वाजतोय. याने कोण पॉट करणार?"

"आधी हातातलं कडं काढ."

कडं निघालं. मग खिशातल्या किल्ल्या निघाल्या. मग बुवांनी त्याला हवेतच फटका मारायला लावला आणि शर्टाच्या बाहीचं बटण कानाशी धरून पाहिलं. क्लबातल्या खडखडींपैकी बऱ्याच क्यूच्या नसतात, खेळाडूच्या असतात, असं त्यांचं निदान आहे. ही मात्र क्यूचीच निघाली. त्यांनी क्यू वरून हातभर अंतरावर दोन बोटांत हलकेच लोंबता धरला आणि दुसऱ्या हाताच्या पेराने बटावर टकटक केली. मग सांधा उलगडून दोन्ही भाग वेगवेगळे वाजवले. पुढचा भाग मुका. मागच्या भागातून खुळ्, खुळ्. बुवांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो त्यांच्या नातवाच्या बारशालाही दिसला नव्हता म्हणतात.

"शिसं सुटलंय."

तोल साधायला बटाच्या पोटात भोक पाडून शिशाचा तुकडा बसवलेला असतो. त्याचा गोंद वाळून सुटला की तो आत येरझाऱ्या घालतो. मार्करचं सोल्डरिंग आयर्न आलं. बुवांनी बुडाचं पितळ बेताबेताने तापवलं. धूर येईपर्यंत तापवणारे ते गाढव, हे वाक्य कोणालाही उद्देशून नव्हतं, पण काउंटरवरचा मालक उगाच बिलं चाळू लागला. पितळ फिरवून काढलं आणि क्यू उलटा केला. आतून आधी कापसाचा बोळा पडला. आधीच्या कोणा भोंदूचा इलाज. त्याच्याकडे बुवांनी चिमटीत धरून बराच वेळ पाहिलं आणि तो कागदात गुंडाळून खिशात ठेवला, पुरावा म्हणून. मग करंगळीएवढं शिसं आलं. अ‍ॅराल्डाइटच्या दोन्ही ट्यूब समसमान पिळून काडेपेटीच्या काडीने घोटल्या, शिसं त्यात घोळवून परत आत सारलं. सांध्याच्या आट्यांना नखाने मेण लावलं. "उद्या संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही. आणि सांधा पिळून आवळू नकोस, मुंबईला जायचं नाहीये त्याला."

मुलगा कुरकुरला, दुसरा क्यू घेऊन टाकू का म्हणाला. त्यावर बुवांनी स्टीफन हेन्ड्रीचं आख्यान लावलं. सातही जागतिक विजेतेपदं त्याने एकाच स्वस्तातल्या क्यूने जिंकली, आणि २००३ साली विमानप्रवासात तो मोडला. हे सांगताना बुवांचा आवाज असा होतो की ऐकणाऱ्याला वाटावं, दहावा-तेरावा आपल्याच वाड्यात झाला.

बुवांची खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती त्यांच्या ध्यानातही येत नाही. लोक त्यांच्याकडे दुरुस्तीला येतच नाहीत. येतात ते दाखला घ्यायला. क्यू आजारी आहे एवढं चारचौघांत बुवांनी मोठ्याने म्हणावं, म्हणजे हरलेल्या फ्रेमचं सुतक फिटतं. एक बँकेतले साहेब वर्षानुवर्षं ढिल्या फेरूलवर सुखाने हरत होते. बुवांनी ते न विचारता बसवून दिलं, तेव्हापासून साहेब कॅरमकडे वळले आहेत.

दुसऱ्या दिवशी आयटीवाल्याचा क्यू तयार होता. बुवांनी तो वाजवून दाखवला. मार्करने वाजवला, मालकाने वाजवला. हूं की चूं नाही. मुलाचा चेहरा जरा उतरला, हे मी पाहिलं. टेबलावर गेला. लाल घातला. निळा समोर, मधल्या पॉकेटच्या तोंडाशी. दूधपित्या पोरानेही घालावा असा. तो दोन्ही कडांना आपटून बाहेर आला.

मुलाने क्यू कानाशी नेऊन हलवला. चॉककडे पाहिलं. मग गुडघे वाकवून, एक डोळा मिटून, टेबलाच्या कडेने नजर लावली.

"काका, हे टेबल मधल्या पॉकेटपाशी जरा उतरतंय का हो?"

बुवा ताडकन उठून बसले. "अरे मार्कर, माझी पाणसळ आण!"