टॉर्च धरणारीचं मत

घरी गाडी दुरुस्त करायच्या उद्योगात दोनच हुद्दे असतात. एक पाना फिरवणारा आणि दुसरी टॉर्च धरणारी. पहिल्यानं बोलायचं, दुसरीनं ऐकायचं. "अगं, इथे नाही, तिथे धर," हे वाक्य मी आमच्या गॅरेजमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता 'तिथे' म्हणजे कुठे असंही विचारत नाही. पाना फिरवणाऱ्यालाही ते ठाऊक नसतं. ठाऊक असतं तर टॉर्च कशाला लागला असता?

आम्ही डेट्रॉईटच्या उपनगरात राहतो. नवरा दिवसभर विजेवरच्या गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये डोकं घालतो आणि संध्याकाळी तेच डोकं १९६९च्या प्लिमथ रोडरनरच्या बॉनेटखाली नेतो. इकडे असल्या गाड्यांना मसल कार म्हणतात. कल्पना अगदी साधी. तरुण पोरांना परवडेल अशी मध्यम आकाराची गाडी घ्यायची आणि तिच्यात मोठं, दांडगं इंजिन कोंबायचं. १९६४ साली पॉन्टिअ‍ॅकच्या जॉन डीलोरियन आणि मंडळींनी तसं करून जीटीओ काढली आणि ही साथ पसरली. प्लिमथवाल्यांनी १९६८ साली त्यावर कडी केली. रोडरनरमध्ये गालिच्याच्या जागी रबरी चटई घातली, बाकीच्या चैनीला कात्री लावली, पण ३८३ घन इंचांचं, म्हणजे ६.३ लिटरचं, ३३५ अश्वशक्तीचं इंजिन ठेवलं आणि किंमत तीन हजार डॉलरच्या आत बसवली. एवढी काटकसर करून पैसे घातले कशात? कार्टूनमधल्या त्या पळणाऱ्या पक्ष्याचं नाव आणि चित्र वापरण्यासाठी वॉर्नर ब्रदर्सला ५०,००० डॉलर मोजले, आणि हॉर्नही त्याच्यासारखा 'बीप बीप' करणारा बनवून घेतला. आमच्या गाडीत ३३५ घोडे आहेत आणि त्यांना आवरायला चारही चाकांना ड्रम ब्रेक. पळायची सोय चोख, थांबायचं पुढचं पुढे बघू!

सासू-सासरे उन्हाळ्यात डोंबिवलीहून आले, तेव्हा मला वाटलं होतं की या भंगाराचा विषय निघाला की निदान दोन मतं माझ्या बाजूनं पडतील. सासऱ्यांनी बॉनेटवर हात फिरवला आणि म्हणाले, "प्लिमथ? अरे, ही तर आपल्या कुर्ल्याची!" ते खोटं नव्हतं. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीनं १९४७पासून कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज आणि प्लिमथ गाड्या जुळवल्या होत्या. त्या दिवसापासून सासरे या गाडीकडे माहेरवाशिणीकडे बघावं तसं बघतात. माझ्याकडे बघत नाहीत.

तर एके दिवशी या माहेरवाशिणीनं हट्ट धरला. किल्ली फिरवली की इंजिन गरजून उठायचं आणि किल्ली सोडली की त्याच क्षणी गप्प व्हायचं. नवऱ्यानं तत्काळ निदान केलं, कार्बोरेटर. जुन्या गाडीत काहीही बिघडलं की बाप्यांना आधी कार्बोरेटर दिसतो. तेवढ्यात शेजारचे आजोबा आले. हे गाडीच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. आमच्या भागात झाड हलवलं तरी असा एखादा खाली पडतो. आजोबांच्या मते दोष पॉइंट्सचा, म्हणजे ठिणगीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांचा. पॉइंट्समधली फट साधारण ०.४ मिलिमीटर असावी लागते, आणि ती मोजायला त्यांनी खिशातून काड्यापेटीचं पुठ्ठ्याचं झाकण काढलं. "साठ सालापासून हेच माप वापरतोय," म्हणाले. नवऱ्याच्या कपाटात तीनशे डॉलरचा मोजमापांचा संच आहे. तो कपाटातच राहिला.

तिसरं निदान दुसऱ्या एका शेजाऱ्याचं. ते असं की पेट्रोल नळीतच उकळून त्याची वाफ होते, म्हणून पंपाला ओढता येत नाही. त्यावर त्यांचा उपाय म्हणजे पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचे. चिमटे उष्णता ओढून घेतात म्हणे. अमेरिकेत या उपायावर पिढ्यान्‌पिढ्या श्रद्धा आहे, आणि लाकूड उष्णता ओढतं यावर विश्वास ठेवायला श्रद्धाच लागते. मागच्या अंगणात सासूबाईंचं पातळ दोरीवरून उडून गवतात पडलं तेव्हा कळलं की अर्धा डझन चिमटे इंजिनवर आहेत. "चंद्रावर माणूस नेला ना रे यांनी?" सासूबाईंनी मुलाला विचारलं. "त्याच साली ही गाडी केली, आई," तो अभिमानानं म्हणाला.

दोन संध्याकाळी कार्बोरेटरची आतडी आमच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर मांडलेली होती. मी टॉर्च धरून होते. टॉर्च धरणाऱ्याला काम नसतं, म्हणून त्याला दिसतं. मी म्हटलं, "किल्ली धरून ठेवली की चालते, सोडली की बंद पडते. मग किल्ली सोडल्यावर काय बदलतं तेवढंच बघ ना." तिघेही माझ्याकडे कपाट बोलल्यासारखे बघायला लागले.

बदलतं ते असं. किल्ली 'स्टार्ट'वर असते तेव्हा बॅटरीची वीज थेट इग्निशन कॉइलला जाते, कारण स्टार्टर मोटर बॅटरीला पिळून काढत असते आणि ठिणगीला जोर कमी पडतो. किल्ली सोडली की वीज एका रेझिस्टरमधून वळसा घेऊन जाते, म्हणजे कॉइल आणि पॉइंट्स पूर्ण दाबानं जळू नयेत. या बॅलास्ट रेझिस्टरचा देह म्हणजे इंजिनमागच्या पत्र्यावर बसवलेला, बोटाएवढा पांढरा चिनी मातीचा तुकडा. आतली तार तुटली की वळशाचा रस्ता बंद. मी टॉर्च तिकडे वळवला. तुकड्याला पाठीमागून तडा गेला होता आणि तार काळी पडून लोंबत होती. नवा आला काही डॉलरना, बसवायला दोन वायरी आणि एक स्क्रू. गाडी सुरू झाली आणि सुरूच राहिली. आजोबा म्हणाले, "मी पहिल्यापासून विजेचंच म्हणत होतो." नवरा म्हणाला, "तरी बरं, कार्बोरेटर साफ झाला."

चाकांची गोष्टही सांगायला हवी. त्या काळात क्रायस्लरवाले (प्लिमथ त्यांचीच) गाडीच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलट्या आट्यांचे नट लावत. फिरता फिरता नट सैल होऊ नयेत हा हेतू. बोल्टच्या टोकाला चिमुकला 'एल' कोरलेला असतो, पण तो वाचायला चष्मा लागतो आणि आमच्या घरात चष्मा लावणं म्हणजे म्हातारपण कबूल करणं. नवरा पान्यावर उभा राहून नाचला आणि एक बोल्ट मोडला. हाच माणूस तेलाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं मात्र बिनचष्म्यानं वाचतो, कारण जुन्या इंजिनच्या कॅमला झिंक जास्त असलेलं तेल लागतं. तेलात झिंक किती हे त्याला तोंडपाठ आहे. रक्तात कोलेस्टेरॉल किती ते मला पाठ करावं लागतं.

मिशिगनमध्ये अशा गाडीला 'ऐतिहासिक' नंबरप्लेट मिळते. मग ती फक्त मिरवणुका, प्रदर्शनं असल्या कामांना बाहेर काढायची. ऑगस्टमध्ये मात्र कुठेही न्यायची मुभा. त्या महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर १९९५पासून ड्रीम क्रूझ भरते. वाऱ्याशी शर्यत लावायला केलेल्या हजारो गाड्या तिथे बैलगाडीच्या चालीनं सरकतात. अर्ध्या तासात आमच्या गाडीच्या तापमानाच्या काट्यानं लाल रेघेकडे प्रस्थान ठेवलं. यावर एकच घरगुती उपाय आहे आणि तो खरंच लागू पडतो. गाडीतला हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे इंजिनची उष्णता रेडिएटरबरोबर माणसांवरही निघते. भर ऑगस्टमध्ये सासू-सासरे मागच्या सीटवर घामानं निथळत बसले होते. सासूबाई म्हणाल्या, "पनवेलच्या ट्रॅफिकमध्ये एसी तरी असतो गं." सासरे खिडकीतून लोकांना हात हलवत होते, कुर्ल्याच्या वतीनं.

तेव्हा वाचकहो, अशी गाडी घ्यायचा विचार असलाच, तर बॅलास्ट रेझिस्टर दोन घ्या. एक बसवायला, एक ग्लव्ह बॉक्समध्ये ठेवायला. आणि ऑगस्टमध्ये बाहेर पडणार असाल तर पाण्याचे कॅन, टॉवेल आणि शांत स्वभावाचे सासू-सासरे सोबत असू द्या. यातल्या पहिल्या दोन वस्तू इथे कुठल्याही दुकानात मिळतात.