वांदर कसं ओळखावं: कन्हानच्या नवशिक्यांसाठी सहा पाठ

प्रवेशपात्रता

हा अभ्यासक्रम नागपूरजवळच्या कन्हानला नव्याने राहायला आलेल्यांसाठी आहे. बदलीवर आलेले गुरुजी, कोळसा खाणीत नोकरी लागलेला मुलगा, उन्हाळ्यात सासुरवाडीला आलेले पुण्याचे जावई, सगळ्यांना प्रवेश खुला. फी आम्ही घेत नाही. ती पहिल्या आठवड्यात वांदरं परस्पर वसूल करतात, बहुधा केळ्यांच्या रूपात. अट एकच: घरावर टिन किंवा कवेलू असावेत. स्लॅबखाली राहणाऱ्यांना पहाटे छातीत धडकी भरण्याचं प्रात्यक्षिक शेजाऱ्याकडे जाऊन पूर्ण करावं लागेल.

साहित्य: एक वही, एक पेन्सिल, एक काठी (मारायला नव्हे, हातात असावी म्हणून) आणि उन्हाळ्यात सरगुंडे, कुरड्या, मुंगवड्या वाळत घालणारी एक अनुभवी शेजारीण. आमच्या गल्लीत अशा काकू आहेत. खाटेवर पातळ अंथरून त्या दिवसभर राखण करतात. दुर्बीण आणू नका. कन्हानला वांदर इतक्या जवळ येतं की दुर्बिणीतून फक्त केस दिसतात, आणि मग दुर्बीणही दिसेनाशी होते.

पाठ १ : परदेशी माकडांची धावती ओळख

नवशिक्याला घरावरच्या वांदराबद्दल काही ठाऊक नसतं. मात्र टीव्हीवर पाहिलेल्या दक्षिण अमेरिकेतल्या माकडांबद्दल तो तासभर बोलतो. म्हणून सुरुवात तिथून.

ॲमेझॉनच्या जंगलात पिग्मी मार्मोसेट नावाचं माकड असतं. हे जगातलं सगळ्यात छोटं माकड. वजन साधारण १२० ग्रॅम, म्हणजे पाव किलोत दोन बसतील. मार्मोसेट झाडाच्या सालीला दातांनी भोकं पाडतात आणि पाझरणारा डिंक चाटतात. खोडाला घट्ट धरता यावं म्हणून पायाचा अंगठा सोडून बाकी सगळ्या बोटांना नखांऐवजी नख्या असतात. मार्मोसेट आणि त्यांचे भाऊबंद टॅमरिन यांना सहसा जुळी होतात, आणि पोरं पाठीवर घेऊन हिंडण्याचं बरंचसं काम बाप करतो. हे वाक्य वर्गात वाचून दाखवलं की बायका मागच्या बाकांवरून पुढे येऊन बसतात.

तिकडची माकडं आणि इकडची माकडं ओळखण्याची सोपी खूण म्हणजे नाक. अमेरिकन माकडांच्या नाकपुड्या एकमेकींपासून लांब, बाजूला वळलेल्या. आपल्याकडच्यांच्या जवळजवळ आणि खाली उघडणाऱ्या. शिवाय बसून बसून घट्टे पडल्यासारखी कडक बैठक आपल्याकडच्यांनाच असते, तिकडच्यांना नाही. ती टिनावर टेकली की जो आवाज होतो, त्यावर हा सगळा अभ्यासक्रम उभा आहे. परदेश दौरा इथे संपला.

पाठ २ : वांदर आणि माकड एक नव्हे

नवशिके इथेच नापास होतात. शेपटी दिसली की 'माकड' म्हणून मोकळे. पुढील खुणा पाठ करा.

वांदर: तोंड काळं, अंग राखाडी-पांढुरकं, हातपाय लांब, शेपूट अंगाहून लांब. आपल्या भागातलं वांदर चालताना शेपटीची कमान पाठीवरून डोक्याकडे झुकवतं. नर पंधरा किलोच्या आसपास, म्हणजे पाठ १ मधली सव्वाशे मार्मोसेट एका टिनावर. पुस्तकातलं नाव हनुमान लंगूर.

माकड: तोंड लालसर, अंग तपकिरी, शेपूट आखूड, गालाच्या आत पिशव्या. हे ऱ्हिसस माकड. १९४० साली लँडस्टायनर आणि वीनर यांनी रक्तातला आरएच घटक जाहीर केला, तो याच माकडाच्या नावावरून. म्हणजे रक्तगटापुढे आपण 'पॉझिटिव्ह' लिहितो तेव्हा एक माकड आपली साक्ष देत असतं. गोदावरीच्या दक्षिणेला याची जागा टोपीसारखे केस असलेला चुलतभाऊ घेतो. महाबळेश्वरला सहलीत तुमचा चष्मा नेला असेल, तर तो त्याने.

गालाची पिशवी ही हुकमी खूण आहे. माकड केळं तोंडात कोंबून पळतं आणि निवांत जागी चघळतं. वांदराला अशी पिशवी नाही. त्यामुळे ते तुमच्याच छपरावर बसून, तुमच्याकडे पाहत, सावकाश खातं. नवशिके याला निर्लज्जपणा म्हणतात. ती शरीररचना आहे.

हा फरक सरकारदरबारीही लागू होतो. २०२२ साली वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती झाली, तेव्हा ऱ्हिसस माकडाचं नाव अनुसूचीतून गळलं. वांदर मात्र आजही संरक्षित आहे. तेव्हा काठी उगारण्याआधी तोंडाचा रंग पाहावा.

पाठ ३ : नाव कोणी ठेवलं?

वांदराचं शास्त्रीय बारसं १७९७ साली फ्रान्समध्ये झालं. द्युफ्रेन नावाच्या निसर्गअभ्यासकाने त्याला 'एंटेलस' हे नाव दिलं. रोमन कवी व्हर्जिलच्या 'एनिड' महाकाव्यात एंटेलस हा म्हातारा मुष्टियोद्धा आहे. डिवचल्यावर तो उठतो आणि एका तरण्याबांड गड्याला लोळवतो. पुढे आलेल्यांनी हीच रीत चालवली. लंगुरांच्या आणखी जातींना प्रायम, हेक्टर, अजॅक्स अशी ट्रॉयच्या युद्धातली नावं मिळाली. ज्याचं स्वतःचं अख्खं सुंदरकांड आहे, त्याला दुसऱ्याच्या महाकाव्यात भाड्याने राहायला लावलं.

१८२२ साली देमारे यांनी थोडी भरपाई केली. त्यांनी या कुळाला 'सेम्नोपिथेकस' म्हटलं, म्हणजे 'पूज्य माकड'. त्यानंतर जाती किती यावर वाद सुरू झाला. बराच काळ भारतातले सगळे हनुमान लंगूर एकाच जातीचे धरत. २००१ साली कॉलिन ग्रोव्ह्ज यांनी त्यांच्या सात जाती केल्या. त्यावर आजही घासाघीस चालू आहे. आमच्या गल्लीतलं वर्गीकरण साधं आहे: कवेलू फोडणारे, डिशची वायर ओढणारे आणि नुसतेच बसणारे.

एंटेलस हे नाव वहीत लिहून ठेवा. पाठ ६ मध्ये लागेल.

पाठ ४ : प्रसाद आणि पोट

कन्हानहून रामटेकची गाडी पकडा. फाटा इथूनच फुटतो. गडावर चढताना वांदरं दुतर्फा बसलेली दिसतील. एखाद्या भाविकाच्या हातातली प्रसादाची पिशवी निघालेली पाहिली की आपल्याला वाटतं, हे पोट लाडू-फुटाण्यांसाठीच घडलं आहे.

चूक. वांदराचं पोट गाईच्या पोटाच्या घरातलं आहे. ते मुळात पाला खाणारं जनावर. जठराला कप्पे आहेत आणि त्यांत जिवाणू राहतात. आधी ते पाला आंबवतात, मग वांदर ते जिवाणूच पचवतं. त्यासाठी जठरात लायसोझाइम नावाचं विकर लागतं. १९८७ साली शास्त्रज्ञांनी वांदराचं आणि गाईचं लायसोझाइम शेजारी ठेवून तपासलं, तेव्हा दोघांत सारखेच बदल सापडले. नात्याने दूरची दोन जनावरं पाला पचवण्याच्या कामात एकाच तोडग्यावर येऊन पोचली होती.

अशा पोटात साखर गेली की आंबण्याचा वेग वाढतो, आम्ल साचतं. पिकलेल्या गोड फळांपेक्षा कच्ची फळं आणि कोवळी पानं त्याला सोसतात. शनिवारी बिस्किटांचा पुडा वांदरापुढे ठेवणारे हनुमानाची सेवा करत नसतात. ते गाईला बालूशाही चारत असतात. शिवाय एका शनिवारी दिलेला पुडा म्हणजे पुढच्या सगळ्या शनिवारांचा करार. सोमवारी तेच गृहस्थ गोफण शोधत फिरतात.

जंगलात या पोटाचा दुसऱ्यालाही फायदा होतो. रामटेकच्या पुढे पेंचमध्ये वांदरं झाडावर खातात आणि निम्मं खाली सांडतात. खाली चितळं ते वेचतात. वाघ किंवा बिबट दिसला की वांदर वरून खाकरल्यासारखा कोरडा आवाज देतं आणि चितळं कान टवकारतात. गल्लीत खाली सांडलेलं वेचायला बकऱ्या येतात. वाघाऐवजी इशारा कशाचा, हे वांदरांनाच ठाऊक. पण तो आला की काकू खाट आत ओढतात.

पाठ ५ : हाकलण्याच्या मान्यताप्राप्त पद्धती

पद्धत पहिली, पुतळा. २०२३ च्या सप्टेंबरात दिल्लीत जी-२० परिषद झाली, तेव्हा लाल तोंडाच्या माकडांना भिववायला रस्तोरस्ती लंगुरांचे कटआउट उभे केले आणि लंगुराचा आवाज काढणारी माणसं नेमली. कन्हानला ही पद्धत चालत नाही. इथे मूळ वांदरच येऊन कटआउटशेजारी बसेल.

पद्धत दुसरी, बदली. २०२१ च्या डिसेंबरात बीड जिल्ह्यातल्या माजलगाव तालुक्यात कुत्र्यांची पिल्लं उचलून नेणारी दोन वांदरं गाजली. त्यांना पकडायला वनविभागाचं पथक गेलं नागपूरहून, आणि पकडल्यावर जंगलात सोडण्यासाठी त्यांची रवानगीही नागपूरकडेच झाली. मराठवाड्यातली तक्रार विदर्भात पाठवून मिटवण्याची ही रीत वांदरांपुरतीच आहे, असं समजू नये.

पद्धत तिसरी, जमीन देणं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या उपळा गावात ३२ एकर जमीन वांदरांच्या नावे नोंदलेली असल्याची बातमी २०२२ साली आली होती. सातबाऱ्याच्या एका उताऱ्यासाठी जन्म घालवलेल्या माणसाने ही बातमी रिकाम्या पोटी वाचू नये.

पद्धत चौथी, डोळे वटारणं. सक्त मनाई. डोळ्याला डोळा भिडवणं हे वांदरांच्या भाषेत आव्हान आहे. जमिनीवर हात आपटला, अंगावर आल्याची हूल दिली, दात करकरा वाजवले, तर मागे सरका. दात दाखवणारं वांदर हसत नसतं. पाठ दाखवून पळू नका, फोटोसाठी वाकू नका, पिल्लाच्या आणि आईच्या मध्ये उभे राहू नका.

पद्धत पाचवी, वाळवण वेळेत आत घेणं. यश येतं ते हिलाच.

पाठ ६ : घरातली भानगड

बहुतेक टोळ्यांत एक मोठा नर, पुष्कळ माद्या आणि पिल्लं असतात. नराला आपण हुप्प्या म्हणतो. सकाळी त्याचा 'हूप हूप' घुमला की घड्याळ लावायची गरज नाही. माद्या जन्मल्या टोळीतच राहतात. नर मोठे झाले की बाहेर पडतात आणि इतर बेकार नरांच्या टोळक्यात हिंडतात. लाल माकडांत आईचा मान लेकीला वारशाने मिळतो. वांदरांत तसं नाही. तिथे तरुण मादी वर चढते आणि म्हातारी हळूहळू खाली सरकते. सुनेच्या राज्यात राहणाऱ्या सासवांनी हा परिच्छेद मोठ्याने वाचू नये.

पिल्लू जन्मतं ते काळपट, आईच्या राखाडी अंगावर उठून दिसणारं. पहिल्याच दिवसांत ते हातोहात फिरतं. मावशी घेते, दुसरी मावशी ओढते, ते किंचाळतं, आई तोवर पाला खाते. काही महिन्यांत रंग उजळतो.

आता वहीतलं एंटेलस काढा. व्हर्जिलच्या काव्यात म्हातारा जिंकतो. छपरावर बहुधा उलटं होतं. टोळक्यातला तगडा नर एक दिवस चाल करून येतो, दिवसेंदिवस टिनांवर पाठलाग चालतो आणि जुन्या हुप्प्याला गाव सोडावं लागतं. त्यापुढचं १९६२ च्या सुमारास धारवाडजवळ युकिमारू सुगियामा या जपानी अभ्यासकाने पाहिलं: नवा नर टोळीतली तान्ही पिल्लं मारतो. पुष्कळांना वाटलं, हा विकृतीचा प्रकार असावा. १९७१ पासून सारा हर्डी यांनी अबूच्या पहाडावर वांदरांच्या मागे फिरून नोंदी केल्या आणि १९७७ साली पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं असं: पिल्लू गेलं की आई लवकर माजावर येते आणि नव्या नराला स्वतःची संतती मिळते. आधीच्याची पिल्लं मोठी होईपर्यंत थांबायला त्याच्याकडे वेळ नसतो, कारण त्यालाही हाकलणारा कुठेतरी वाढतच असतो. यावर पुढे कडाक्याचे वाद झाले. आज प्राण्यांच्या वर्तनाचा अभ्यास हे सोडून पुढे जात नाही.

प्रात्यक्षिक परीक्षा

स्थळ: आमची गल्ली. वेळ: एप्रिल, सकाळ. टोळी समोरच्या कवेलूंवर बसली आहे. टोळीचं निरीक्षण लिहा. गुण शंभर.

गेल्या वर्षी परीक्षा द्यायला आम्हीच बसलो होतो. वहीत लिहिलं: एक नर, सात माद्या, पिल्लं. बरोबर वाटलं म्हणून खाली रेघ ओढली. काकू खाटेशी बसून सरगुंडे उलटत होत्या, मांडीवर काठी.

वर न पाहताच म्हणाल्या, "हा आपला नोहे व. नवा आला हाये."

आम्ही विचारलं, कशावरून?

"आपल्याचा कान फाटला होता. आन् हा कालपासून साऱ्याइले हाकलून रायला." मग त्यांनी काठी खाली ठेवली आणि पहिल्यांदा नीट वर पाहिलं. "त्या कोपऱ्यातलीजवळ परवा काळं पिल्लू होतं. चार होते. आता तीनच दिसून रायले."

तीस वर्षं या बाई वांदरांना शिव्या देत आल्या होत्या, आणि तीस वर्षं मोजत आल्या होत्या. आमच्या वहीत पिल्लांचा आकडाच नव्हता.

कोपऱ्यातली मादी कवेलूवर एकटी बसली होती. टोळी पुढच्या छपरावर सरकली तरी ती उठली नाही. काकूंनी वाळवण आत घेतलं नाही. मूठभर सरगुंडे खाटेच्या कडेला वेगळे सारले आणि आमच्याकडे पाहून म्हणाल्या, "लिहू नको हे."

पाठ ४ नुसार ही चूक आहे. गुण मात्र आम्ही शंभर दिले.