पाण्याची दुसरी वेलांटी

परवा आमच्या सोसायटीच्या वॉचमनने फळ्यावर लिहिलं : ‘उद्या पाणि येनार नाही. आजच भरुन ठेवा.’ शाळा सातवीपर्यंतची. तेवढ्या भांडवलावर त्याने 34 बिऱ्हाडांची सोय केली. दुपारी पाहतो तर फळ्यासमोर दुसऱ्या मजल्यावरचे अण्णा. ‘येनार’चा ण झाला, ‘भरुन’ला दुसरा उकार मिळाला. ‘ठेवा’समोर ते बराच वेळ थांबले, पण तिथे काही सापडेना.

‘पाणि’साठी मात्र वॉचमनला बोलावणं गेलं. ‘पाणि म्हणजे हात. पाणिग्रहण ऐकलंयस ना? उद्या हात येणार नाही, असं लिहिलंयस तू.’ वॉचमन हो म्हणाला. त्याला मोटर बंद करायला जायचं होतं. अण्णांनी दुसरी वेलांटी काढून खडू खिशात टाकला. खडू ते घरून आणतात.

अण्णा शिक्षक नव्हते, बँकेत होते. (शिक्षकांना शाळा सुटल्यावर एवढा उत्साह उरत नाही.) मागे त्यांची नात जिन्यात सायकलसकट अडकली आणि ‘आजोबा, माझी मदत करा’ म्हणून ओरडली. ‘माझी नाही, मला मदत करा. ही हिंदीची लागण.’ पोरीने वाक्य सुधारून पुन्हा हाक मारल्यावर ते खाली उतरले. तळमजल्यावरच्या काकू गेल्या, तेव्हा ‘भावपूर्ण श्रध्दांजली’ वाचून अण्णा फार हळहळले. द आधी हवा, ध नंतर.

मला नियमांचं वावडं नाही. पण साहित्य महामंडळाचे पहिले 14 नियम 1962चे, पुढचे 4 नियम 1972चे. माझी आजी त्याच्या कितीतरी आधी लिहायला शिकली. तिच्या पत्रांत ‘पत्र मिळालें, बरें वाटलें’. कवीला पहिली वेलांटी. तेव्हा ते अगदी शुद्ध होतं. मग उच्चारात नसलेले अनुस्वार गेले, शेवटची वेलांटी दुसरी झाली आणि आजी बसल्या जागी अशुद्ध ठरली. तिचं एक पत्र मी अण्णांना दाखवलं. वाचता वाचता त्यांचा हात खिशाकडे गेला. मी पत्र काढून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला बेल वाजली. दारात अण्णा, हातात रिकामी बादली. पाणी भरायचं राहिलं म्हणे.

‘आहे, पण काल भरलेलं पहिल्या वेलांटीचं आहे,’ मी म्हटलं. ‘चालेल ना?’

‘काठोकाठ भर,’ अण्णा म्हणाले.