49 मावश्या पाहिजेत

पाळणाघर की घरी सांभाळायला मावशी, हा पेच अमरावतीच्या साईनगरपासून अकोल्याच्या जठारपेठेपर्यंत नोकरदार घरांना पडलेला आहे. पाळणाघरात पोराला चारचौघांची सर्दी लागते. मावशी मात्र अगदी घरच्यासारखी. म्हणून तिचं आधार कार्ड ठेवून घ्यायचं, पोलीस पडताळणी करायची, हॉलमध्ये कॅमेरा बसवायचा आणि ऑफिसात दर दहा मिनिटांनी मोबाइल उघडून आपला तिच्यावरचा विश्वास न्याहाळायचा.

सरकारही मातृहृदयी आहे. मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीनं 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक केली. आईला दिवसातून 4 वेळा बाळाकडे जाण्याची मुभाही दिली. पन्नासावा माणूस रुजू झाल्यावरच वात्सल्याला पान्हा फुटतो, हे शास्त्र दिल्लीला बरोबर उमगलं.

आपल्या घरी मावशी एकच. तेव्हा आणखी 49 नेमाव्यात. मग घरातच पाळणाघर काढणं आलं, आपलं पोरही तिथंच राहील, निवडीची कटकट संपली.

तोवर मावशीचं तान्हं तिची आठ वर्षांची थोरली सांभाळते. तिची पडताळणी कोणी केलेली नाही. शाळा सुटल्यापासून, म्हणजे कायमची, ती दिवसभर घरीच असते.