कुठलेकाका

"काल रामनगरला वाघ दिसला म्हणे."

एवढं वाक्य साध्या माणसाला पुरतं. तो घाबरतो, नाहीतर व्हिडिओ मागतो. कुठलेकाका मात्र चष्मा कपाळावर सरकवतात आणि विचारतात, "कुठलं रामनगर?"

ही वल्ली गावोगावी सापडते. पोस्टात, शाळेत किंवा पंचायतीत हयात घालवलेली, अक्षर वळणदार, खिशाला दोन पेनं. एकाच नावाच्या दोन गोष्टी जगात असणं हा तिला वैयक्तिक अपमान वाटतो. त्यातून अशा माणसाचा जन्म उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या जोयडा तालुक्यात, गोव्याच्या सीमेला टेकलेल्या दिग्गीत झाला, तर विचारूच नका. त्याच्या पोटापाण्याची नसली तरी डोक्याची सोय देवाने आधीच करून ठेवलेली असते.

कारण सुरुवात गावाच्या नावापासूनच होते. रोमन लिपीत 'द' आणि 'ड' यांना एकच अक्षर, त्यामुळे मोबाइलवर दिग्गी शोधायला जावं तर राजस्थानच्या टोंक जिल्ह्यातलं डिग्गी हात जोडून उभं. तिथे कल्याणजींचं मोठं देऊळ आहे, जयपूरहून पदयात्रा निघते. त्याच राज्यात श्रीगंगानगरच्या बाजूला कालव्याचं पाणी साठवायच्या तळ्यालाही डिग्गीच म्हणतात आणि ती खोदायला सरकारी अनुदान मिळतं. मग मध्य प्रदेशाचे माजी मुख्यमंत्री दिग्विजय सिंह, कारण त्यांना लोक दिग्गी राजा म्हणतात. जोडीला रायगडातलं दिघी बंदर आणि पुण्याजवळची दिघी. काकांचा पुतण्या एकदा म्हणाला, "काका, आपल्या गावाला राजा आहे, देव आहे आणि बंदरही आहे. नेटवर्क तेवढं नाही."

काकांनी यावर उपाय म्हणून गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव बदललं. 'दिग्गी' होतं त्याचं 'दिग्गी (जोयडा)' झालं. तेही अपुरं वाटलं म्हणून 'दिग्गी (जोयडा, उ. क.)' केलं. दुसऱ्याच दिवशी धारवाडला नोकरी करणाऱ्या एकाने विचारलं, उ. क. म्हणजे उत्तर कन्नड की उत्तर कर्नाटक? काकांनी जेवणही न करता ते खोडून इंग्रजीतलं 'यू. के.' घातलं. आता उत्तराखंडच्या गाड्यांच्या पाट्यांवर तीच दोन अक्षरं असतात आणि लंडनच्या पत्त्यावरही. ग्रुप सोडून जाणाऱ्यांची संख्या त्या आठवड्यात वाढली.

रामनगरचं दुखणं याहून खोल. जोयडा तालुक्यातलं रामनगर हे सुपा धरणाने उठवलेल्या लोकांचं गाव. दुसरं रामनगर बंगळूरजवळ, जिथल्या खडकांत 'शोले'चं चित्रीकरण झालं. तिसरं काशीला गंगेपलीकडे, तिथली रामलीला प्रसिद्ध. चौथं उत्तराखंडात, कॉर्बेटच्या जंगलाच्या तोंडाशी. हे चौथं काकांना झोपू देत नाही. तिथेही रामनगर, इथेही. तिथे वाघ, इथेही वाघ. त्या राज्यात नेपाळच्या सीमेवरून काळी नदी वाहते. आणि दिग्गीच्या परिसरातल्या डोंगरांत उगम पावून, १८४ किलोमीटर धावून कारवारला समुद्राला मिळते तीही काळीच. एखाद्याने "रामनगरला उतरलो, काळी पाहिली, वाघ दिसला नाही" असं लिहिलं, तर तो हिमालयात होता की सह्याद्रीत, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. काका सांगतात. ते विचारतात, "वाटेत जेवणाला भात मिळाला की चपाती?"

सरकार मदत करेल अशी आशा काकांनी कधीच सोडली. अंशी आणि दांडेली ही दोन जंगलं मिळून २००७ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हा नाव लांबलचक असलं तरी स्वच्छ होतं. २०१५ मध्ये त्याचं 'काळी व्याघ्र प्रकल्प' झालं. म्हणजे नदीचं नाव रानाला. "आता काळीत वाघ सापडला असं कोणी म्हणालं तर तो पाण्यात होता की झाडीत?" हा प्रश्न ते भेटेल त्या वनरक्षकाला विचारतात. या रानात काळा बिबट्याही आहे, हे त्यांना मुद्दामच केल्यासारखं वाटतं.

काकांकडे एक लांबट, रेघा मारलेली वही आहे. डाव्या बाजूला नाव, उजव्या बाजूला 'पैकी'. त्यातलं 'सुपे' हे पान बघण्यासारखं आहे. पैकी एक: शहाजीराजांच्या जहागिरीतलं, जे शिवरायांनी १६५६ मध्ये सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडून ताब्यात घेतलं, बारामती तालुका. पैकी दोन: पारनेर तालुक्यातलं, एमआयडीसीवालं. पैकी तीन: आपलं. आपल्यापुढे लाल शाईने 'पाण्याखाली'. काळीवर गणेशगुडीला १०१ मीटर उंचीचं धरण झालं आणि जिच्या नावाने तालुका ओळखला जायचा ती वस्तीच बुडाली. कचेरी जोयड्याला गेली, धरणाला मात्र सुपा हेच नाव राहिलं. गाव नाही आणि नाव आहे, अशी नोंद कुठल्या रकान्यात करायची, याचा विचार करत काकांनी त्या पानाचा खालचा अर्धा भाग कोरा ठेवलाय. वहीत एवढी एकच जागा आहे जिथे ते कोणाला काही विचारत नाहीत.

फोनबुक ही वहीचीच धाकटी बहीण. विठ्ठल (लाइनमन), विठ्ठल (जेसीबी), विठ्ठल (लाइनमन, बदलून गेलेला), विठ्ठल (बहुधा तोच). लाईट गेली की सगळं गाव काकांकडे येतं, कारण बाकीच्यांच्या फोनवर तिन्ही विठ्ठल नुसते विठ्ठल असतात आणि वीज कंपनीच्या माणसाऐवजी जेसीबी दारात येण्याची भीती असते.

त्यांचं दैवत म्हणजे श्रीराम भिकाजी वेलणकर. संस्कृत कवी आणि केंद्रीय दळणवळण खात्यातले अधिकारी. एकाच नावाची गावं, नाना भाषा, नाना लिप्या, चुकणारी पत्रं हे सगळं पाहून त्यांनी सहा आकड्यांचा पिनकोड बसवला. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो लागू आहे. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली त्या दिवशी खरं स्वातंत्र्य मिळालं, असं काकांचं ठाम मत. डोंगराच्या अलीकडचा पिन पाचपासून सुरू होतो, पलीकडच्या गोव्याचा चारपासून, यात त्यांना काव्य दिसतं. फक्त एका पिनमध्ये अनेक गावं कोंबलेली असतात हे शल्य होतं. २०११ च्या जनगणनेत प्रत्येक गावाला स्वतंत्र सहा आकडी क्रमांक मिळाला आणि ते गेलं. दिग्गीचा क्रमांक त्यांना तोंडपाठ आहे. अजून कोणी विचारलेला नाही.

लोक हसतात. पण दाखल्याच्या कामाला निघायचं झालं की आधी काकांच्या ओट्यावर येतात. 'कुणबी' हा शब्द त्याला कारण. महाराष्ट्रात कुणबी म्हणजे इतर मागासवर्ग, आणि जुन्या दप्तरांतल्या त्या नोंदी शोधायला २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमावी लागली. पलीकडे गोव्यात गावडा आणि वेळीप यांच्याबरोबर कुणबी २००३ मध्ये अनुसूचित जमातींत आले. मधल्या जोयड्यातले कुणबी, ज्यांची रानं, कंदमुळं आणि सोयरीकही गोव्याकडच्यांशी जुळते, ते हाच दर्जा अजून मागताहेत. एका डोंगररांगेत एक नाव आणि तीन सरकारी अर्थ. इथे काका थट्टा करू देत नाहीत. मुलाच्या दाखल्यावर शब्द कसा पडलाय, काना-मात्रा कुठे, गाव कोणतं, हे बोट ठेवून तपासतात आणि मगच बसला जाऊ देतात.

तालुक्यातलं एकच नाव त्यांनी निर्धास्त सोडलं होतं: कॅसलरॉक. साहेबाने रेल्वे आणली, स्टेशनाला नाव ठेवलं, सह्याद्रीत दुसऱ्या कोणाला ते सुचणं शक्य नव्हतं. वहीत त्यापुढे 'एकमेव' लिहून खाली दुहेरी रेघ मारलेली. मग अमेरिकेत गेलेल्या भाच्याचा फोटो आला, हिरव्या पाटीखाली उभा. डेन्व्हरच्या दक्षिणेला, कोलोराडोत, कॅसल रॉक नावाचं अख्खं शहर.

काकांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. "पिन काय तिथला?"

भाच्याने कळवला.

"पाचच आकडे? एक गाळलायस. नीट विचारून सांग."

तिकडे पाचच असतात, काका.

"मग चुकणारच," काका म्हणाले, आणि लाल पेन शोधायला आत गेले.