आपला, एक जागरूक नागरिक

किमतीचं पाकीट बंद असतं तोवर देश सुरक्षित असतो. तांत्रिक पाकीट उघडलं, कागद तपासले, नमुने डोंगरावर चढले, वाळवंटात भाजले, परत आले, अहवाल झाला, अहवालावर टिपणी झाली. या दोन-तीन वर्षांत राष्ट्रावर कसलंही संकट नसतं. मग एका दुपारी किमतीची पाकिटं उघडतात, एल-वन, म्हणजे सर्वांत कमी दर देणारा, कोण ते ठरतं, आणि आठवडा उलटायच्या आत साहेबांच्या टेबलावर टपाल येतं. साधा लिफाफा, पाच रुपयांचं तिकीट, आत साडेतीन पानं टाईप केलेला मजकूर. जवानांच्या जिवाशी चाललेला खेळ, जनतेचा घामाचा पैसा, मातृभूमी, सगळं जागच्या जागी. सही तेवढी नाही. 'आपला, एक जागरूक नागरिक.'

संरक्षण खरेदीची एक जरी फाइल ज्याने हाताळली आहे, त्याला हे गृहस्थ माहीत आहेत. भेटलेलं मात्र कुणी नाही. धरून चालू, खरेदी बर्फात घालायच्या हातमोज्यांची आहे. तर या नागरिकाला परिशिष्ट 'क' मधलं अंगठ्याच्या शिवणीचं कलम तोंडपाठ असतं. चाचणीच्या दिवशी पारा उणे तीसवर नव्हता, उणे अठ्ठावीसवरच अडकला होता, हे तो घरबसल्या जाणतो. 'गोपनीय' शिक्का मारलेल्या अहवालाच्या कुठल्या पानावर कुणी पेन्सिलीने काय लिहून खोडलं, तेही त्याला दिसतं. एल-वन आणि एल-टू यांच्या दरांतला फरक तो पैशांपर्यंत सांगतो. जागरूकता असावी तर अशी! फक्त ती एल-वन जाहीर झाल्यावरच जागी होते, आणि सगळा आटापिटा करून शेवटी तिचं म्हणणं एवढंच निघतं की एल-टूचा अंगठा अधिक देशभक्त आहे.

आता नियम बघा. निनावी तक्रारींवर कारवाई करू नये, असं परिपत्रक 1999 मध्ये निघालं. 2002 मध्ये त्यात फट ठेवली गेली: मजकूर पडताळण्याजोगा असेल तर परवानगी घेऊन बघावं. 2014 मध्ये ती फट बुजवली आणि पुन्हा सांगितलं, नको म्हणजे नको. हे सगळं साहेबांना पाठ आहे. पण फाइलीत पत्र पडलेलं असताना सही केली आणि उद्या काही निघालं तर? मग साहेब समासात 'चर्चा करावी' एवढं लिहितात आणि फाइल वर जाते. वरचे साहेब 'तपासून सादर करावे' लिहितात आणि फाइल खाली येते. ज्याने सही केलेली नाही त्याच्यापायी, ज्याने सही करायची तो सही करत नाही.

बरं, एल-वनही काही झोपलेला नसतो. महिन्याभरात दुसरं पत्र येतं. 'आपला, एक सजग देशप्रेमी.' पहिल्या नागरिकाला नेमकं कोण पोसतं, याची यात साडेचार पानं, सोबत छायाप्रती. मग एल-थ्री. तिसऱ्या नंबरला तसं गमावण्यासारखं काही नसतंच, म्हणून त्याचं पत्र सर्वांत तात्त्विक: 'आपला, एक व्यथित माजी सैनिक', जो आयुष्यात एनसीसीलाही गेलेला नाही. त्याला पहिली दोन्ही पत्रं शंभर टक्के पटतात, सबब फेरनिविदा काढावी. आता फाइलीत हातमोज्यांबद्दलचा कागद कमी आणि नागरिकांचा पत्रव्यवहार जास्त. मग पत्रांचंच मूल्यमापन सुरू होतं. कोणतं पत्र तांत्रिकदृष्ट्या पात्र? कोणत्या पत्राचा मजकूर निकषांत बसतो? समिती बसते, चहा-बिस्किटं होतात, पहिल्या पत्रातल्या चौथ्या मुद्द्यावर दुसऱ्या पत्राचं खुलाशादाखल म्हणणं काय, याचा रकानेवार तक्ता होतो. तीन निनावी माणसं सरकारी खर्चाने एकमेकांशी भांडतात आणि सरकार त्यांचा पोस्टमन होतं. हातमोज्यांच्या इतक्या बारीक चाचण्या झाल्या नव्हत्या.

मला खरा राग येतो तो इथे. मी आमच्या गल्लीतल्या उघड्या गटाराबद्दल वर्षानुवर्षं पत्रं लिहितोय. नाव, पत्ता, मोबाइल नंबर, खाली ठसठशीत सही. एकाही पत्राला उत्तर नाही. एकदा तर पोच मागितली म्हणून कारकुनाने मलाच ओळखपत्र मागितलं. आणि इकडे हा बिननावाचा इसम पाच रुपयांच्या तिकिटात अख्ख्या पलटणीचे हातमोजे अडवतो! या देशात आपलं म्हणणं ऐकलं जावं असं वाटत असेल तर आधी सही करायचं सोडावं लागेल.

कुणी म्हणेल, भ्रष्टाचार उघड करणाऱ्याला संरक्षण नको का? हवंच. म्हणून तर 2004 पासून सोय आहे: नाव कळवा, ते गुप्त राहील. वीस कोटींच्या वरच्या संरक्षण खरेदीत सचोटीचा करार सक्तीचा आहे, त्यात तक्रार ऐकायला बाहेरचे निरीक्षक नेमलेले असतात. कोर्टाचं दारही उघडं आहे. या तिन्ही ठिकाणी अडचण एकच, नाव घालावं लागतं. आणि नाव घातलं की आरोप खरा असावा लागतो.

इकडे पत्रांवर बसलेल्या समितीचं ठरतं: उणे अठ्ठावीस शंकास्पद आहे, चाचणी पुन्हा घ्या. तोवर उन्हाळा. थंडीतली चाचणी थंडीतच होणार, म्हणजे वर्ष गेलं. तेवढ्यात दरांची मुदत संपते, म्हणजे निविदाच गेली. चाचणीत पास झालेले हातमोजे पुरवठादार आपल्या खर्चाने घरी नेतो, कारण चाचणी 'विनामूल्य, विनाबंधन' असते. वर चौकीवर ज्याची बोटं आहेत तो जुनेच घालतो. हिमदंशाला परिशिष्ट 'क' वाचता येत नाही. तो बोट नेतो आणि ते बोट कुठल्याही फेरनिविदेत परत मिळत नाही. हे त्या साडेतीन पानांत कुठेही नसतं. तिथे जवान फक्त पहिल्या परिच्छेदात येतो, शूर म्हणून.

आणि पत्राशिवायही आपण काही कमी नाही. 1 लाख 86 हजार 138 बुलेटप्रूफ जाकिटांची गरज मान्य झाली 2009 मध्ये. मधल्या चाचण्यांत सगळेच नापास. करार झाला एप्रिल 2018 मध्ये. जी यंत्रणा स्वतःच्या वेगाने नऊ वर्षं घेते, तिला जागरूक नागरिकाचा धक्का कशाला हवा?

यावर नवी समिती नको, नवं धोरण नको, 'पारदर्शकता' या विषयावर कार्यशाळा तर मुळीच नको. साहेब, 2014 चं ते परिपत्रक तुमच्याच कपाटात आहे. सही नसलेलं पत्र आलं की त्यावर तारीख टाका, 'दप्तरी दाखल' लिहा आणि हातमोज्यांची फाइल पुढे पाठवा.